काटा उतरला, पण टेप हलेना: मापांचा घोळ कसा सोडवायचा

गेल्या वर्षी मृगाचे पहिले शिंतोडे पडले त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वही घेऊन वर आल्या. वहीत आठ रविवारच्या नोंदी होत्या. वजन ७४.२ वरून ७०.८ किलोवर आलेलं. शेजारच्या रकान्यात कंबर: ३६, ३६, साडेपस्तीस, ३६, साडेछत्तीस, ३६. शेवटचे दोन रविवार त्यांनी कंबर लिहिलीच नव्हती.

“ताई, जवळजवळ साडेतीन किलो गेलं ते गेलं कुठून? रोज पन्नास मिनिटं चालते, संध्याकाळची शेव बंद केली, भात निम्म्यावर आणला. कंबर आहे तिथेच आहे.”

इंदूरच्या लोकमान्य नगरात मी बावीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते आहे. सकाळी दसरा मैदानावर चालायला येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या माझ्याकडे शिवायला टाकतात, त्यामुळे हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी दारात येतो. कधी वजन उतरतं आणि माप उतरत नाही, कधी माप उतरतं आणि वजन हलत नाही, आणि कधी मेहनत सुरू केल्यावर मापच वाढतं. तिसऱ्या प्रकारात बायका सगळ्यात जास्त घाबरतात आणि आठवडाभरात चालणं सोडून देतात. त्यांच्यासाठीच मुख्यतः हे लिहिते आहे. माझं सांगणं असं, की जेवण आणखी कमी करण्याआधी आणि व्यायाम बदलण्याआधी माप घेण्याची पद्धत तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

वहिनींच्या वहीत काय निघालं

मी माझी मापांची वही काढली. फेब्रुवारीत त्यांच्या भाच्याच्या लग्नासाठी मी त्यांचा ब्लाउज शिवला होता, तेव्हाची मापं होती: छाती ४०, कंबर ३४, दंडघेर साडेतेरा. ब्लाउजची कंबर म्हणजे छातीखालची पट्टी जिथे बसते तो घेर, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळा गोंधळ या शब्दाचाच आहे. त्यांना उभं करून तीच तीन मापं, त्याच जागी, पुन्हा घेतली. छाती पावणेएकोणचाळीस. कंबर पावणेतेहेतीस. दंडघेर १३.

म्हणजे शरीर उतरलं होतं. पाठीवरून, बरगड्यांवरून, दंडांवरून. वहिनींनी नेमकी तीच जागा मोजली नव्हती.

मग त्यांची कंबर त्या कशी मोजतात ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी परकराच्या गाठीवर टेप लावली. ही चूक मी शंभरात सत्तर जणींची बघते. परकराची गाठ पक्की जागा नाही. पोट जड असतं तेव्हा गाठ पोटाच्या वर किंवा पार खाली बसते, पोट उतरू लागलं की ती सरकते. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आजीची गाठ वेगळीकडे, सलवारीचा नाडा वेगळीकडे, जीन्सचं बटण वेगळीकडे. तीन बायका ‘कंबर’ म्हणतात तेव्हा तीन वेगळे घेर त्यांच्या मनात असतात आणि त्यांत चार-चार इंचांचा फरक असतो. वहिनींची गाठ दोन महिन्यांत सुमारे दोन बोटं खाली घसरली होती, आणि खालचा घेर मुळातच मोठा. पोट उतरलं तेवढी टेप खाली गेली, आकडा तिथेच राहिला.

बेंबीवरही भरवसा ठेवू नका. सैल पोटाची बेंबी खाली लोंबते, बाळंतपणानंतर तर फारच, आणि वजन उतरताना तिची जागा बदलते.

जागा हाडावरून धरायची. बाजूला हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग तिच्या सरळ खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. जाड अंगात तो बोटांनी जरा दाबून शोधावा लागतो, पण असतोच. दोन्हींच्या बरोबर मध्ये बॉलपेनने एक टिंब करा, दोन्ही बाजूंना. टेप या टिंबांवरून जाते. डॉक्टर मंडळी पोटाचा घेर मोजतात तो बहुतेक इथेच. हाडं कुठे जात नाहीत, म्हणून सहा महिन्यांनीही तुम्ही तीच जागा मोजाल.

टेप पाठीमागे खाली घसरते, हे एकटीला कळत नाही. आरशासमोर बाजूने उभं राहून बघा, किंवा घरातल्या कुणाला मागून बघायला सांगा. टेप जमिनीला समांतर हवी. अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. ब्लाउजचं माप घेताना मी टेपखाली एक बोट ठेवते, पण ते लूजिंगसाठी, म्हणजे कपडा जरा सैल बसावा म्हणून. इथे बोट ठेवायचं नाही. पाय जरा अंतरावर, हात मोकळे, आणि श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येक बाई नकळत पोट ओढून धरते. सरावाने ती सैल उभी राहू लागते आणि चौथ्या आठवड्यात माप ‘वाढतं’.

तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. आणि सेंटिमीटरमध्ये लिहा. इंचात आपण अर्ध्या-पाव इंचावर गोल करतो, आणि अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटरहून जास्त. महिन्याभराची कमाई त्या गोल करण्यात बुडते.

टेप स्वतःच वाढलेली असते

हे ऐकून बायकांना आश्चर्य वाटतं, पण धंद्यात आम्ही दर वर्षी टेप बदलतो ते यासाठीच. कापडी टेप ओढून ओढून लांबते. माझ्या जुन्या टेपला स्टीलची पट्टी लावून बघितली तर १०० सेंटिमीटरची खूण खरोखरच्या १०१ वर गेली होती. अशा टेपने ९० सेंटिमीटरचा घेर ८९ दिसतो. मग घरातली जुनी टेप हरवते, कुणीतरी राजवाड्याजवळून नवी आणतं, आणि रविवारी कंबर एका सेंटिमीटरने वाढलेली दिसते. वहिनींच्या साडेछत्तीसमागे हेच होतं. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पातली नवी टेप त्या आठवड्यात हाताला लागली होती.

फायबरग्लासची टेप घ्या, ती ताणत नाही. घेतल्यावर स्टीलच्या पट्टीला लावून ३० आणि ६० च्या खुणा जुळतात का बघा. टोकाची धातूची पट्टी निघालेली असेल तर ती टेप मापासाठी बाद. आणखी एक बारीक गोष्ट: शिवणाच्या टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, आणि बऱ्याच टेपांवर दोन्हींची सुरुवात उलट टोकांकडून असते. चष्मा नसताना उलट टोक धरून वाचलेले आकडे मी स्वतः दुरुस्त केले आहेत.

सकाळची मी आणि सराफ्यातली मी

एका शनिवारी मी स्वतःचंच माप घेऊन पाहिलं. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, काही न खाता: ८६.५. रात्री आम्ही सगळे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, शेवटी एक गरम जिलेबी. घरी आल्यावर त्याच जागी: ८९.२. दुसऱ्या दिवशी सकाळी ८७.३, आणि मंगळवारी सकाळी परत ८६.४. वजनाचा काटा रविवारी शनिवारपेक्षा १.१ किलो वर होता.

एका रात्रीत एवढी चरबी चढत नाही. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, त्याही रोजच्या गरजेच्या वर खाव्या लागतील. चढलं ते पाणी आणि पोटातलं अन्न. आपल्या रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिठाचं प्रमाण शरीर कसोशीने सांभाळतं. सलाईनच्या बाटलीत असतं तेवढं, लिटरला ९ ग्रॅम. शेव, कचोरी, पोह्यांवरचा जीरावन मसाला यांतून चार-पाच ग्रॅम मीठ जास्तीचं गेलं, तर ते लघवीवाटे निघून जाईपर्यंत अर्धा लिटरभर पाणी अडवून धरू शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. पोहे, नमकीन आणि लोणचं असं आपलं इंदुरी ताट त्याच्या पुढे कधी जातं ते कळतही नाही.

पिठूळ-गोड पदार्थांचंही तसंच. शरीर त्यातली साखर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं, मिळून साधारण अर्धा किलोपर्यंत, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी राहतं. कोठार रिकामं झालं की दीड-दोन किलो उतरल्यासारखं दिसतं, भरलं की परत येतं. भात-पोळी एकदम तोडणाऱ्यांचं पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतं ते मुख्यतः हेच पाणी. तिथे टेप फारशी हलत नाही, कारण पाणी सगळ्या अंगातून गेलेलं असतं. निराश व्हायचं कारण नाही, आणि त्या दोन किलोंचा आनंदही जपून करा.

म्हणून एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मोजू नका, आणि लग्न-मुंजीच्या दुसऱ्या दिवशीही नको. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली असेल तर तो उपवास मापाच्या दृष्टीने उपवास नाही. साबुदाणा जवळजवळ सगळा स्टार्चच आहे, वर दाण्यांचं कूट आणि तूप. हे मी टीका म्हणून सांगत नाही, आकडा समजून घ्यायला सांगते.

पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस अंगात पाणी धरतं. कुणाचं अर्धा किलो, कुणाचं दोन किलो, छाती आणि पोट दोन्ही घट्ट होतात. पाळी येणाऱ्या बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच नये. मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसाशी करावी, म्हणजे पाळी संपल्यावरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाची पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाशी. एवढं एक केलं तरी निम्मी धास्ती जाते.

वजन गेलं, माप का नाही: जरा हिशेब करू

समजा मापाची पद्धत पक्की झाली. तरीही एक किलो उतरल्यावर टेपवर काय दिसायला हवं, याची आपली अपेक्षा चुकलेली असते.

एक किलो चरबीचं आकारमान सुमारे १.१ लिटर. साध्या बांध्याच्या बाईच्या अंगाची कातडी पसरली तर दीड-पावणेदोन चौरस मीटर भरते. ही १.१ लिटर चरबी सगळ्या अंगावरून सारखी निघाली तर थर किती पातळ होईल? पाऊण मिलिमीटरही नाही. घेरात ते अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी दिसतं. आणि आपल्या हाताने घेतलेल्या मापात तेवढी चूक सहज होते. खरोखर चरबी सारखी निघत नाही, मनगटापेक्षा पोटावरून जास्त निघते, म्हणून ढोबळ मानाने एका किलोमागे कमरेवर एक सेंटिमीटर धरतात. तेही एकेकीचं वेगळं.

उलट बाजूने बघा. कंबर एक इंचाने उतरली म्हणजे चोहीकडून थर फक्त चार मिलिमीटर पातळ झाला. रव्याच्या लाडवावर लावतो त्या बेदाण्याएवढं. आरशात हे दिसत नाही, हुकांना कळतं.

कुठून आधी उतरणार हे आपल्या हातात नाही, हे मी ठामपणे सांगते, कारण पोटाच्या पट्ट्यांवर आणि तेलांवर आमच्या भागातल्या बायकांचे फार पैसे गेलेले मी पाहिले आहेत. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू घट्ट होतात, वरची चरबी तिथूनच वितळते असं नाही. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले होते. खेळायच्या हाताचा घेर जास्त होता, कारण स्नायू मोठा; पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखीच निघाली. मला हे पटतं, कारण माझ्या वहीतही उजवा दंडघेर बऱ्याच जणींचा पाव इंचाने जास्त असतो, आणि म्हणून बाही उजव्या दंडावर बेतायची ही आमची पद्धत आहे.

पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी व्यायामाला बऱ्यापैकी लवकर दाद देते. मांड्या-नितंबांवरची बायकांची चरबी हट्टी असते. चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास, तीच चरबी पोटाकडे जमू लागते, म्हणून वजन तेवढंच राहून कंबर वाढू शकते. त्यामुळे एकट्या कमरेवर निकाल लावू नका. कंबर, नितंबांचा सगळ्यात मोठा घेर, छाती, दंड, मांडी: पाच मापं घ्या आणि पाचांची बेरीज वहीत लिहा. वहिनींना हीच बेरीज आवडली. कमरेने दगा दिला त्या महिन्यात बेरीज साडेतीन सेंटिमीटरने उतरलेली होती.

पोट न उतरण्याचं आणखी एक साधं कारण बायका बोलायला लाजतात. जेवणात एकदम मोडाची उसळ, काकडी, कोबी वाढवलं की पहिले दोन-तीन आठवडे पोटात वारा धरतो, कुणाला बद्धकोष्ठही होतं, विशेषतः पाणी तेवढंच प्यायलं तर. माप वाढलेलं दिसतं, चरबी वाढलेली नसते. उसळ सोडू नका, हळूहळू वाढवा, पाणी वाढवा.

माप गेलं, वजन का नाही

ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी शाबासकी देते. व्यायाम नव्याने सुरू केलेल्या अंगात चरबी कमी होताना स्नायू थोडा भरतो, आणि स्नायू चरबीपेक्षा दाट असतो. पण यावर मोबाइलवर फिरणारी चित्रं बघून फसू नका, ज्यात चरबीचा गोळा स्नायूच्या तिप्पट दाखवतात. एक किलो चरबी १.१ लिटर, एक किलो स्नायू ०.९४ लिटर. फरक पंधरा टक्क्यांच्या आसपासचा. आणि बाईमाणसाच्या अंगात महिन्याला किलो-किलो स्नायू चढत नाही. महिनाभर काटा न हलण्यात पाण्याचाही मोठा वाटा असतो. व्यायाम करणारा स्नायू ग्लायकोजेन आणि पाणी जास्त साठवतो.

एका जिममध्ये आमच्या मैदानावरच्या एका काकूंना मशीनवर उभं करून कागद काढून दिला: चरबी ३८ टक्के. चार दिवसांनी ४१. त्या रडवेल्या झाल्या. ही यंत्रं तळपायातून हलकीशी वीज सोडून अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी कमी प्यायलं, घाम गेला, नुकतं जेवलं की आकडा बदलतो. दोन-तीन महिन्यांचा कल बघायला ठीक, चार दिवसांच्या तुलनेला नाही.

मांड्या वाढल्या!

जिने चढायला सुरुवात केली, किंवा रालामंडलची टेकडी दोनदा चढून आलं, की तिसऱ्या दिवशी मांडी एक सेंटिमीटरने जाड आणि दुखरी. नव्या कामाने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून काढायला तिथे पाणी जमतं. ठणका एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, मग ओसरतो. सूज जायला आठवडाभर लागू शकतो. नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे मांडीचं माप लिहूच नका.

मांडी मोजायची तर गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून १५ सेंटिमीटर वर खूण करा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा. एका पायावर भार गेला की माप लगेच बदलतं. दंड मोजताना खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मध्ये, हात सैल सोडून. छाती नेहमी त्याच अंतर्वस्त्रात.

किती दिवसांनी

माझ्या मते टेप पंधरा दिवसांतून एकदाच बाहेर काढावी. वजन रोज केलं तरी चालेल, पण सात दिवसांची सरासरी काढून तीच मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. रोजचा आकडा बघून ज्यांचं जेवण उडतं त्यांनी आठवड्यातून एकदाच काट्यावर चढावं. काटा फरशीवर, कायम त्याच जागी. सतरंजीवर ठेवलेला काटा चुकतो.

त्याबरोबर एक मापाचा कपडा ठेवा. न ताणणाऱ्या सुती कापडाचा, जो आज जेमतेम बसतो असा ब्लाउज किंवा सलवार. लेगिंग आणि स्ट्रेच जीन्स या कामाला निरुपयोगी, त्या सगळ्यांना सामावून घेतात. महिन्यातून एकदा घालून बघा: कुठला हुक लागतो, श्वास घेता येतो का, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ओढतं का. टेपच्या आधी हुक बोलतात असा माझा अनुभव आहे.

वहिनींनी हाडावरची खूण धरून नव्याने सुरुवात केली तेव्हा कंबर ९२.० होती, वजन ७०.८. चार आठवड्यांनी ९०.६ आणि ६९.९. आणखी चार आठवड्यांनी, गणपतीच्या आधी, ८९.३ आणि ६८.६. मधल्या एका रविवारी ९१.४ आलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही, पुढे कंसात ‘पाळीच्या आधी’ एवढंच लिहिलं.

पोहोचायचं कुठे, असं त्यांनी विचारलं. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावी, असं धरतात; त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. याहून सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. वहिनींची उंची १५६, म्हणजे ७८. अजून बरंच चालायचं आहे, पण ९२ चं ८९ होणंही रक्तातल्या साखरेला कळतं.

सगळं नीट करूनही सहा-आठ आठवडे काहीच हललं नाही तर

आता ताटाकडे वळा. तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहा, चमच्याने तेल मोजून. आपल्याकडे जेवणात कमी आणि जेवणाबाहेर जास्त जातं: चहाबरोबरची मूठभर शेव, सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी, मुलांच्या ताटात उरलेलं. एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, एक पळी म्हणजे त्याच्या कितीतरी पट. वजन कमी झाल्यावर शरीराची गरजही थोडी कमी होते, म्हणून एप्रिलमध्ये पुरलेली काटकसर ऑगस्टमध्ये पुरत नाही.

आणि फक्त चालत असाल तर आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम जोडा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. जेवण कमी करून नुसतं चालणाऱ्यांचे स्नायूही उतरतात. वजन कमी दिसतं, दंड लोंबतात आणि पोट तसंच राहतं. वरण, दही, उसळ, पनीर, अंडं यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. बसून असणाऱ्यालाही किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त.

काही वेळा मात्र टेप बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जायचं. हातपाय बारीक होत आहेत आणि पोट वाढतं आहे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. काही न करता वजन भराभर उतरतं, तहान आणि लघवी वाढली आहे. घोटा दाबला की खड्डा तसाच राहतो. वजन चढतंय, थकवा आहे, केस गळताहेत, थंडी जास्त वाजते. बाळंतपणानंतर उठून बसताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येतो. तिथे पोटाचे स्नायू दुभंगलेले असू शकतात, आणि चुकीच्या व्यायामाने ते वाढतं. यांतली कुठलीही गोष्ट माझ्याकडे आलेल्या बाईने सांगितली तर मी माप घेत नाही, आधी दवाखान्यात जाऊन यायला सांगते.

कपडे कधी लहान करायचे

हा प्रश्न शेवटी येतोच. दोन किलो उतरले की लगेच सगळे ब्लाउज घेऊन येऊ नका. सलग दोन महिने बेरीज उतरत राहिली, किंवा एका जागी टिकली, की मगच आणा. मी बाजूची शिलाई आत घेते आणि माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, कापत नाही, आत दुमडून ठेवते. एका बाजूला पाऊण इंच असते. मुंढा शेवटी हात लावायचा, कारण छाती आणि पाठ उतरली तरी खांद्याची रुंदी हाडाची असते, ती बदलत नाही. वहिनींचे चार ब्लाउज नवरात्रात आत घेतले. लग्नातला मात्र अजून तसाच ठेवला आहे. तो त्यांचा मापाचा कपडा आहे, आणि आता त्याचे सगळे हुक लागून बाजूला दोन बोटं जातात.